टी, बी आणि टाचेतला रक्ताचा थेंब : मेल ग्रीव्ह्ज यांचं संशोधन

शेवंता (धागाकर्ती)

रोगप्रतिकारशास्त्राच्या वर्गात दर वर्षी मी फळ्यावर दोन अक्षरं लिहिते, टी आणि बी. आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, की मॅडम, ही बारशी केली कुणी? ही रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या दोन प्रकारांची नावं. टी म्हणजे थायमस या छातीतल्या ग्रंथीत तयार होणाऱ्या पेशी. बी म्हणजे पक्ष्यांच्या शरीरात 'बर्सा' नावाची पिशवी असते तिथल्या. माणसाला बर्सा नाही, पण आपल्या बी पेशी बोन मॅरोत तयार होतात, म्हणून अक्षर बदलावं लागलं नाही. १९६९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या आयव्हन रॉइट यांचा चार सहकाऱ्यांसोबतचा लेख आला आणि ही नावं रुळली. त्या चौघांतला एक मेल ग्रीव्ह्ज. नॉरिचचा मुलगा, प्राणिशास्त्र शिकलेला, अजून तिशीही न गाठलेला.

बरेच दिवस त्याच्यावर लिहायचं मनात होतं. कारण असं की टी आणि बी पेशींवर ज्याचं नाव झालं, त्याने पुढचं सगळं आयुष्य लहान मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरात, घातलं, आणि घातलं ते रोगप्रतिकारशास्त्र सोडून नव्हे, तेच हत्यार हातात धरून.

सत्तरच्या दशकात तो लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलात गेला होता. तेव्हा त्याची स्वतःची मुलं लहान होती आणि वॉर्डातली मुलं त्याच वयाची. त्या भेटीनंतर विषय ठरला, असं त्याने मुलाखतींत सांगितलं आहे.

तेव्हाची परिस्थिती काय होती? सूक्ष्मदर्शकाखाली ल्युकेमियाच्या पेशी बघायच्या तर सगळ्या गोल, निळ्या, एकसारख्या. पण आजार एकसारखा वागत नव्हता. त्याच औषधांनी काही मुलं बरी होत, काहींचा आजार पलटून येई. ग्रीव्ह्जने त्यात आपला जुनाच प्रश्न विचारला: ही पेशी कुठल्या घराण्यातली? टी, बी, की तिसरीच कुठली? उत्तर शोधायला त्याने ससे वापरले. सशाला ल्युकेमियाच्या पेशी टोचायच्या, त्याच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे त्या पेशींना ओळखून चिकटणारी प्रथिनं, तयार होतात. मग त्या द्रवातून निरोगी पेशींना चिकटणाऱ्या अँटिबॉडी काढून टाकायच्या. उरेल ते फक्त ल्युकेमियाला ओळखणारं. १९७५ साली त्याने आणि सहकाऱ्यांनी असा द्रव प्रसिद्ध केला. लहान मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातल्या (पुढे नुसतं एएलएल म्हणते) बहुसंख्य मुलांच्या पेशी त्याने ओळखल्या जात होत्या. न दिसणारे पोटप्रकार दिसायला लागले.

इथे मला हा माणूस फार आवडतो. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की कॅन्सरची खास खूण सापडली, जी निरोगी शरीरात नसतेच. काही वर्षांत त्याच्याच प्रयोगशाळेतून उत्तर आलं, की नाही, ही खूण निरोगी बोन मॅरोतल्या कोवळ्या, अर्धवट वाढलेल्या बी पेशींवरही असते. आज तिला सीडी१० म्हणतात. दुसरा कुणी हिरमुसला असता. ग्रीव्ह्जने त्यातून मुद्दा काढला: ल्युकेमियाची पेशी ही शरीरात घुसलेली परकी पेशी नाही, वयात येता येता मध्येच अडकून पडलेली आपलीच पेशी आहे.

१९८४ साली तो इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमध्ये आला आणि प्रश्न बदलला. 'कुठली पेशी' झालं, आता 'केव्हापासून?'

याचं उत्तर एकसारख्या जुळ्यांत मिळालं. दोन्ही जुळ्यांना ल्युकेमिया झालेल्या जोड्या क्वचित सापडतात. या आजारात दोन वेगळी गुणसूत्रं तुटून चुकीची जोडली जातात आणि एक जोडजनुक तयार होतं. तुटण्याची नेमकी जागा प्रत्येक रुग्णात वेगळी, अगदी बोटाच्या ठशासारखी. १९९३ साली 'नेचर'मध्ये ग्रीव्ह्जच्या गटाने दाखवलं, की अशा जुळ्यांत ती जागा अगदी सारखी होती. दोघांत स्वतंत्रपणे तीच चूक होणं अशक्य. म्हणजे चूक एकाच्याच एका पेशीत झाली, गर्भात, आणि तिची पिल्लं सामायिक वारेतून दुसऱ्याकडे गेली.

पण जुळी म्हणजे अपवाद, जुळी नसलेल्या मुलांचं काय? त्यासाठी जो प्रयोग केला तो माझ्या मते या विषयातला सगळ्यात देखणा. बाळ जन्मलं की काही दिवसांत त्याच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब एका जाड कागदावर घेतात. रॉबर्ट गथ्री यांनी साठच्या दशकात एका चयापचयाच्या आजाराच्या तपासणीसाठी ही पद्धत काढली. कागद वाळतो, फायलीत जातो. ग्रीव्ह्जच्या गटाने ल्युकेमिया झालेल्या मुलांचे जुने कागद मिळवले आणि वाळलेल्या डागात त्या-त्या मुलाची नेमकी तुटलेली जागा शोधली. सापडली! निकाल १९९७ साली आला. मूल आजारी पडायच्या कितीतरी आधी, जन्माच्या आठवड्यात, ती पेशी रक्तात होती.

पुढचं प्रतिसादांत बोलू, हात दुखले.

उचापत्या

पहिला! बारशाला हजर असलेला माणूस पुढे पाळण्यापर्यंत मागे गेला म्हणायचा.

शेवंताताई, लेख झकास. एक बाळबोध शंका. जन्माच्या आधीच गडबड झाली असेल तर हा आजार आनुवंशिक झाला ना? आईकडून किंवा बाबांकडून आला?

जुना_वाचक

बारशावरून आठवलं. टी आणि बी असे दोन वेगळे वर्ग आहेत हे मान्य करायला तेव्हा बरेच तयार नव्हते. ऑस्ट्रेलियातल्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाने जाहीर टोमणा मारला होता, की ही एका इंग्रजी शिवीची पहिली आणि शेवटची अक्षरं आहेत. शिवी ज्याने त्याने शोधावी.

शेवंता

@उचापत्या, बाळबोध नाही, जवळजवळ प्रत्येकाची हीच गल्लत होते. जन्माआधी झालेलं आणि आई-वडिलांकडून आलेलं या दोन गोष्टी वेगळ्या. ही चूक बीजांडात किंवा शुक्राणूत नसते. असती तर मुलाच्या प्रत्येक पेशीत सापडली असती. ती असते फक्त रक्ताच्या एका शाखेत. जुळ्यांतही ती आईकडून दोघांना आलेली नाही, भावंडाकडून भावंडाकडे गेली आहे.

अवांतर: दोघांत तीच पेशी गेली तरी दोघं एकदम आजारी पडतात असंही नाही. त्यांच्याच अभ्यासात एक जोडी आहे, एकाला पाचव्या वर्षी ल्युकेमिया झाला, दुसऱ्याला चौदाव्या. म्हणजे ती पेशी नऊ वर्षं जास्त गप्प बसली.

काजवा

मी पॅथॉलॉजीत आहे. सीडी१० हा शब्द दिवसातून दहा वेळा टाइप करतो, पण त्यामागे ससे आहेत हे आज कळलं. दंडवत.

थोडी भर घालतो. आता ससे नाहीत. एकाच साच्याच्या अँटिबॉडी बाजारात तयार मिळतात, त्यांना रंग लावलेला असतो, आणि फ्लो सायटोमीटर नावाचं यंत्र एकेका पेशीला लेझरसमोरून पळवून तिच्यावर कुठले रंग आहेत ते नोंदवतं. संध्याकाळपर्यंत सांगता येतं की बी घराण्यातला आहे की टी घराण्यातला. त्यावरून उपचाराची दिशा ठरते. औषधं दिल्यावर दहा हजारांत एखादी पेशी उरली असेल तरी पकडता येते, आणि उरल्या असतील तर औषधं वाढवायची. १९६०च्या सुमारास या आजारातून जवळजवळ कुणीच वाचत नसे. आज चांगले उपचार मिळाले तर दहातली नऊ मुलं बरी होतात. श्रेय अर्थात औषधांच्या चाचण्या करणाऱ्यांचं जास्त, पण कुणाला किती औषध द्यायचं हे ठरवायला आधी पोटप्रकार वेगळे करावे लागले.

ठिपका

इथे सहसा वाचनमात्र असतो. आज लिहितोय.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना तिला एएलएल झाला. सीडी१०वाला. आता ती अकरा वर्षांची आहे, उपचार संपून बरीच वर्षं झाली, ठणठणीत आहे.

उपचार चालू होते तेव्हा एका नातेवाइकांनी वर्तमानपत्रातलं कात्रण आणून दिलं. मथळा असा, की अतिस्वच्छतेने मुलांना ल्युकेमिया होतो. आणि वर तोंडी भाष्य, "तरी मी म्हणत होते, पहिलं वर्षभर पोरीला कुणाच्या हाताला लागू दिलं नाहीस." हे माझ्या बायकोला. मुलगी सातव्या महिन्यात जन्मली होती. डॉक्टरांनीच सांगितलं होतं गर्दीत नेऊ नका. बायको त्यावर काही बोलली नाही, पण कात्रण फेकूनही दिलं नाही. ते अजून तिच्या कपाटात आहे.

त्या कात्रणात ग्रीव्ह्ज यांचंच नाव होतं. म्हणून विचारतो, रागाने नाही. ते नेमकं काय म्हणतात?

शेवंता

ठिपका, आधी एवढंच सांगते, ते कात्रण त्यांच्या म्हणण्याशी प्रामाणिक नव्हतं.

आता सविस्तर. निरोगी नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तेव्हा ग्रीव्ह्जच्या गटाला २००२ साली दिसलं की शंभरातल्या साधारण एका बाळात टेल-एएमएल१ हे जोडजनुक असतं. ल्युकेमिया मात्र दोन हजारांत एखाद्याच मुलाला होतो आणि त्यातल्याही काहींनाच या प्रकारचा. म्हणजे ती पेशी घेऊन जन्मलेल्या शंभरांतल्या नव्व्याण्णव मुलांना काहीच होत नाही. पहिली चूक पुरेशी नाही. जन्मानंतर आणखी चुका व्हाव्या लागतात.

त्या कशाने होतात, यावर त्यांनी १९८८ सालीच एक तर्क मांडला होता. लेखाच्या शीर्षकातच 'अटकळी' असा शब्द होता, हे लक्षात घ्या. तर्क असा: बाळाच्या प्रतिकारयंत्रणेला पहिल्या वर्षात साध्यासुध्या जंतूंची ओळख होणं अपेक्षित असतं, शिकाऊ उमेदवारी म्हणा. ती झाली नाही आणि पुढे दोन-पाच वर्षांच्या वयात एखादा सर्वसाधारण संसर्ग झाला, तर यंत्रणा गरजेपेक्षा जास्त खवळते. त्या धुमश्चक्रीत गप्प बसलेल्या पेशीत दुसरी चूक होते.

आणि ही दुसरी चूक करतं कोण, तर आपलीच कात्री! बी पेशी वयात येताना अँटिबॉडीचे हजारो नमुने बनवायला स्वतःचीच जनुकं कापून जोडते. ते काम करणारी रॅग नावाची विकरं आहेत. २०१४ साली या प्रकारच्या ल्युकेमियाची जनुकं वाचली तेव्हा जास्तीच्या अनेक चुकांवर याच कात्रीच्या खुणा दिसल्या. म्हणून मी म्हटलं, त्यांनी रोगप्रतिकारशास्त्र सोडलंच नाही.

यात साबण, फरशी, उकळलेल्या बाटल्या कुठे आहेत? नाहीत. ग्रीव्ह्जनी स्वतः वारंवार सांगितलं की हा घर पुसण्याचा प्रश्न नाही आणि आई-वडिलांचा दोष तर अजिबातच नाही. आणि सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला गर्दीपासून जपणं बरोबरच होतं. मीही तेच केलं असतं.

आकडेमोड

सगळे हार घालतायत म्हणून थोडी खडीसाखर कमी करतो. ठिपका यांना उद्देशून नाही.

शंभरात एक हा आकडा पक्का धरू नका. २०११ साली डेन्मार्कच्या गटाने चौदाशेवर नवजात बाळं तपासली, त्यांना एकातही ते जोडजनुक भक्कमपणे सापडलं नाही. उलट २०१८ साली वेगळी पद्धत वापरून दुसऱ्यांना पाच टक्के बाळांत सापडलं. शून्य ते पाच! हा आकडा डळमळला की 'शंभरांतल्या नव्व्याण्णव मुलांना काही होत नाही' हे वाक्यही डळमळतं.

दुसरं, पाळणाघराचा पुरावा. ब्रिटनमध्ये मोठा अभ्यास झाला, २००५ साली छापून आला. एएलएल झालेली १२८६ मुलं आणि तुलनेसाठी हजारो निरोगी मुलं. पहिल्या वर्षात इतर मुलांत मिसळलेल्यांना धोका कमी दिसला. छान. पण ही माहिती आई-वडिलांना विचारून घेतलेली. त्याच अभ्यासात डॉक्टरांच्या दप्तरातल्या नोंदी पाहिल्या तेव्हा २००७ साली उलटंच दिसलं, की ल्युकेमिया झालेली मुलं पहिल्या वर्षात संसर्गासाठी डॉक्टरांकडे कमी नव्हे, जास्त वेळा गेली होती. आता बोला.

शेवंता

बोलते. दोन्ही मुद्दे रास्त आहेत. पहिला तर पूर्ण मान्य, मी आकडा फार ठासून लिहिला.

दुसऱ्यावर ग्रीव्ह्जचं म्हणणं असं, की डॉक्टरकडे जास्त वेळा जाणं म्हणजे जंतूंशी गाठ जास्त पडली असं नव्हे. कदाचित त्या मुलांची प्रतिकारयंत्रणा जन्मापासूनच वेगळी असेल आणि साध्या संसर्गालाही जोरात उत्तर देत असेल.

आकडेमोड

हे मला पटत नाही. संसर्ग कमी दिसला तरी तर्क खरा, जास्त दिसला तरी तर्क खरा. मग तर्क खोटा कधी ठरणार?

शेवंता

या वाक्यापुरती मी तुमच्या बाजूची आहे. म्हणूनच मला माणसांच्या आकडेवारीपेक्षा उंदीर जास्त बोलके वाटतात. स्पेनमधल्या सालामांकाच्या गटाने २०१५ साली पॅक्स५ या जनुकाची एक प्रत बिघडलेले उंदीर घेतले. रोगकारक जंतू नसलेल्या जागेत वाढवलेल्यांना ल्युकेमिया झाला नाही. तेच उंदीर साध्या, जंतू असलेल्या जागेत हलवले, तर सुमारे पाचातल्या एकाला झाला. जन्मजात चूक तीच, फरक फक्त संसर्गाचा. यात आई-वडिलांच्या आठवणीचा प्रश्न येत नाही.

जुना_वाचक

संसर्गाची गोष्ट चालली आहे म्हणून. १९८३ साली ब्रिटनमध्ये टीव्हीवर एक माहितीपट आला, सेलाफील्डच्या अणुप्रकल्पाशेजारच्या सीस्केल गावात मुलांमध्ये ल्युकेमिया जास्त आहे असं त्यात दाखवलं. देशभर गदारोळ. सगळ्यांचं बोट किरणोत्साराकडे. पण मोजमाप केलं तर तिथला किरणोत्सार एवढे रुग्ण घडवायला फारच अपुरा पडत होता. मग रोगप्रसाराचे अभ्यासक लिओ किनलेन यांनी वेगळं बोलायला सुरुवात केली: आडगावात अचानक बाहेरून माणसं आली, दोन लोकवस्त्या मिसळल्या, आणि एखादा जंतू स्थानिकांत पसरला असावा. त्यांनी प्रकल्प नसलेलं स्कॉटलंडमधलं ग्लेनरॉथिस हे नव्याने वसवलेलं गाव तपासलं, तिथेही वाढ दिसली. हेही १९८८ सालचंच. ग्रीव्ह्ज आणि किनलेन यांचं एक नाही. किनलेनना एक ठराविक जंतू अभिप्रेत, ग्रीव्ह्जना कुठलाही साधा संसर्ग चालतो. पण किरणांवरून जंतूंकडे लक्ष वळवायचं काम दोघांनी एकाच वर्षी केलं.

त्याला जोडून मिलानची घटना. स्वाइन फ्लूची साथ येऊन गेली आणि त्यानंतर एका चार आठवड्यांच्या काळात सात मुलांना एएलएलचं निदान झालं.

आकडेमोड

सात मुलं. बरं.

काजवा

२०११चा 'नेचर'मधला त्यांचा शोधनिबंध कुणी काढला नाही म्हणून मीच काढतो. एकाच मुलाच्या ल्युकेमियातल्या पेशी एकेक करून तपासल्या, तर त्या सगळ्या सारख्या नव्हत्या. एकीत दोन चुका, दुसरीत त्या दोन अधिक तिसरी, तिसरीत दोनांतली एकच आणि वेगळी चौथी. मांडणी केली तर सरळ रेघ येत नाही, फांद्या फुटलेलं झाड येतं. प्राण्यांच्या जाती जशा एकमेकींतून निघाल्या तसं, फक्त काळ लाखो वर्षांचा नाही, दोन-चार वर्षांचा. प्राणिशास्त्र शिकलेल्या माणसालाच हे आधी दिसावं यात नवल नाही. २०१३ साली त्यांनी उत्क्रांती आणि कॅन्सर याच नावाचं केंद्र काढलं.

आमच्यासाठी याचा अर्थ कटकटीचा आहे. एका फांदीवर औषध चाललं म्हणून दुसरीवर चालेलच असं नाही.

उचापत्या

माणसाला पुरस्कार-बिरस्कार?

शेवंता

२००३ साली रॉयल सोसायटीचं सदस्यत्व, २०१७ साली तिचंच रॉयल मेडल, नंतर सर ही पदवी. पण तर्क मांडून तीस वर्षं झाल्यावर, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांनी सगळा पुरावा परत गोळा करून २०१८ साली सलग मांडला, ते मला मेडलपेक्षा मोठं वाटतं. तुमचं ते कात्रण बहुधा त्याच वेळचं असेल, ठिपका.

ठिपका

हो, २०१८.

आकडेमोड यांचेही आभार. त्यांचं वाचून उलट हायसं वाटलं. एवढे जाणकार अजून भांडतायत तर आमच्या नातेवाइकांना कात्रणावरून इतकी खात्री कुठून आली?

काल रात्री बायकोला सगळा धागा वाचून दाखवला. सातव्या महिन्याचं तुम्ही लिहिलंय ते तिने परत वाचायला लावलं. मुलगी शेजारीच होती, तिला जुळ्यांपेक्षा टाचेच्या थेंबाचं जास्त कौतुक. विचारत होती, माझा कागद आहे का कुठे अजून?

शेवंता

तिला सांग, की ते देशादेशावर आणि हॉस्पिटलावर अवलंबून आहे. काही ठिकाणी तपासणी झाली की थोड्या दिवसांत टाकून देतात, काही ठिकाणी तपासणी करतच नाहीत. डेन्मार्कमध्ये १९८२पासूनचे कागद गोठवून जपले आहेत. जन्म झाला तिथे पत्र लिहून विचारायला हरकत नाही. पत्र तिलाच लिहू दे.